दादाची संथ पद्धत

६ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेलं न वाचता फाडण्याइतका निग्रह तुझ्यात नाही, हे मला माहीत आहे.

मी बरी आहे. आई बरी आहे. हे लिहितेय तेव्हा ती समोरच बसली आहे. कुणाला लिहितेस असं तिने विचारलेलं नाही, म्हणजे तिला कळलंय.

मुद्द्यावर येते. हॉस्पिटलने परवानगी दिली. सोमवारपासून माझा अभ्यास सुरू होतोय. तोच, ज्याच्यावरून तीन वर्षांपूर्वी तू तुझ्याच भरल्या वर्गातून निघून गेलास. "माझ्या हाताखाली शिकलीस आणि मलाच मोजायला निघालीस?" एवढं म्हणालास, आणि त्यानंतर आजवर माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी तेव्हा जे म्हणाले तेच आजही म्हणते. तुझ्या पद्धतीने माणसं बरी होतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याच माणसांना नुसतं चालायला लावलं असतं तर ती बरी झाली नसती, हे ना तू पाहिलंस ना मी.

तर ते पाहायचंय. कंबर दुखते, पण हाड मोडलेलं नाही, नस दबलेली नाही, एक्स-रेच्या फोटोत बोट ठेवावं असं काही नाही, आणि तरीही मोजा घालताना माणूस कळवळतो, अशीच मंडळी घेतली आहेत. आपल्याकडे येणारी बहुतेक तशीच असतात. त्यांचे तीन गट. एकाला तुझी संथ पद्धत: चटईवर आडवं, पोटाचे आतले स्नायू, श्वास, सगळं तू शिकवतोस तसं. दुसऱ्याला वजनं, हळूहळू वाढवत. तिसऱ्याला चालणं आणि थोडं अंग ताणणं. कोण कुठे जाणार हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार, मी नाही. आणि शेवटी दुखणं मोजणारी जी आमची सहकारी आहे, तिला कोण कुठल्या गटातला हे सांगायचं नाही असं ठरलंय. मी तिला जेवणाच्या टेबलावरही कामाबद्दल बोलू देत नाही.

तुझा गट मी शिकवणार नाही. मी शिकवलं तर लोकांना माझ्या आवाजावरूनच कळेल की ही घरची पद्धत आहे. जी शिकवणार आहे तिच्यासाठी दोन ओळी लिहून पाठव. नाहीतर उद्या म्हणशील, अर्धवट शिकवली.

घोडामैदान जवळच आहे.

ठिणगी
(हे नाव तूच ठेवलंस. आता चटका बसला म्हणून तक्रार नको.)


२१ फेब्रुवारी

दादा,

कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही. "पोट आत जातं ते श्वास सोडताना. घेताना नव्हे. घाई करणार असाल तर करू नका." आईने दोनदा वाचलं आणि म्हणाली, तब्येत चांगली दिसतेय, रागावण्याइतका जोर आहे.

ते कार्ड मी व्यायामाच्या खोलीत आरशाच्या कडेला चिकटवलंय. तुझा गट सुरू व्हायच्या आधी शिकवणारी ते मोठ्याने वाचते.

तुला आमची माणसं सांगते. हॉस्पिटलच्या धुलाई विभागात इस्त्री करणाऱ्या एक बाई आहेत. दिवसभर चादरींवर वाकलेल्या. त्यांच्या पाकिटात चालणं निघालं. त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली आणि मला म्हणाल्या, की बाई, चालायला हॉस्पिटल कशाला लागतं, पाय तर मी घरूनच आणलेत. मग स्वतःच म्हणाल्या, जाऊ दे, पदरी पडलं पवित्र झालं. आता दुपारच्या सुट्टीत धुण्याच्या अंगणाला फेऱ्या मारतात आणि त्यांच्या मागे आणखी दोघी-तिघी, ज्या अभ्यासात नाहीतच. त्यांना मी कुठल्या गटात धरू?

एक बसचे ड्रायव्हर आहेत. अंगाने धिप्पाड. त्यांच्या नशिबी तुझी पद्धत आली. पहिल्या दिवशी ते चटईवर आडवे झाले, दिवे मंद होते, शिकवणारी सावकाश बोलत होती, आणि दहा मिनिटांत खोलीत घोरण्याचा आवाज. बाकीचे हसायला लागले. त्यांना उठवलं तर बिचारे ओशाळून म्हणाले की गेल्या कित्येक महिन्यांत मी पाठीवर असा पडूच शकलो नव्हतो. ऐकून मला किती बरं वाटलं ते मी कुणाला दाखवलं नाही. अभ्यास करणारीने तोंड सरळ ठेवायचं असतं.

आणि चित्रकलेचे एक मास्तर. काडीपैलवान. ते वजनांच्या गटात. कुण्या डॉक्टरने फार वर्षांपूर्वी त्यांना सांगितलं होतं की तुमचा कणा काचेचा आहे असं समजा. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की तेव्हापासून पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही. हलकंसं वजन हातात दिलं तर त्यांच्या कपाळावर घाम. मला बाबा दिसले.

तुला आठवतं तसंच मलाही आठवतं. गावभर ज्यांनी दारं-खिडक्या बसवल्या ते आपले बाबा. कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, कडक फळीवर पूर्ण विश्रांती. आणि बाबांनी ती फळी स्वतः रंधा मारून गुळगुळीत केली, कडा घासल्या, मग तिच्यावर झोपले ते जवळपास वर्षभर. उठले तेव्हा अंगात काही उरलंच नव्हतं. त्यानंतर त्यांनी एकही दार बसवलं नाही. तू कॉलेजात होतास. लाकडाचा भुसा झाडता झाडता म्हणालास, माणसाला झोपवणाऱ्यांच्या विरुद्ध मी उभा राहीन. तुझी पद्धत तिथून आली. मी ही गोष्ट इथे सगळ्यांना सांगते आणि सांगताना माझी मान वर असते. तू मला तुझ्या विरोधातली समजतोस ते समज. मला फरक पडत नाही. थोडा पडतो.

मास्तरांनी काल ते वजन उचललं. मग खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं, कुणी सांगितलं नसताना.

ठिणगी


३ मे

दादा,

तुझ्या संस्थेला रंग देण्याचं काम चाललंय म्हणून वर्ग बंद आहेत असं तुझ्याकडून आलेले एक पेशंट म्हणाले. ऐकून मी म्हटलं, छान, कुठला रंग? त्यांना माहीत नव्हतं.

आता लपवाछपवी पुरे. रंग वगैरे काही नाही. परवा वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस. नवऱ्याला मोजा घालून द्यावा लागतो हे ती किती दिवस मूग गिळून सहन करणार?

तिला मी आधी ते सगळं विचारलं जे कुठल्याही पेशंटला विचारते. पायात बधिरपणा? नाही. पाय ओढतोय? नाही. लघवीवर ताबा आहे? आहे. ताप, वजन उतरणं? काही नाही. तू गुपचूप काढून घेतलेले फोटोही तिने मला पाठवले. दादा, तुझ्या वयाच्या कुठल्याही माणसाच्या मणक्यात जेवढी झीज असते तेवढीच आहे. तुझ्या डॉक्टरांनीही तेच लिहिलंय. माझ्या अभ्यासात तू अगदी चपखल बसला असतास.

वहिनी म्हणाली की पहिल्या आठवड्यात तू स्वतःचेच व्यायाम दुप्पट केलेस. मग तिप्पट. तरी उतार पडेना तेव्हा खोलीचं दार लावून घेतलंस आणि आता गादी काढून खाली जमिनीवर पडलेला असतोस. चौकातल्या मोठ्या फलकावर तुझा फोटो आहे, ताठ कण्याचा, आणि त्या फलकाखालून चालत जायची तुला लाज वाटते, असं तिला म्हणालास.

मी तुझी कीव करावी असं तुला वाटत असेल तर ते माझ्याकडून होणार नाही. आणि तुझ्या पद्धतीमुळे तुझी कंबर गेली असंही मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. कंबर कुणाचीही धरते. धोब्याची, राजाची, कंबरेचा उपचार करणाऱ्याची. पण तुझी अडचण अशी की एक उपाय चालला नाही तर दुसरा तुझ्यापाशी नाही. आयुष्यभर तू दुसरा शिकवलाच नाहीस. मग उरलं काय? जमीन. तू बाबांच्या फळीवर जाऊन झोपलास, दादा. फक्त रंधा मारायचा राहिलाय.

हे वाचून तुला राग आला असेल. उत्तम. रागात माणूस उठून बसतो.

आता मी सांगते ते ऐक, धाकटी म्हणून नाही, या खोलीत रोज तुझ्यासारखी माणसं बघणारी म्हणून. ऊठ. वहिनीला चपला द्यायला सांग. फाटकापर्यंत जा आणि परत ये. दुखेल. दुखतंय याचा अर्थ काही मोडतंय असा नाही, हे वाक्य तूच मला शिकवलंस, मी नुसतं परत करतेय. उद्या फाटकाच्या थोडं पुढे. ताठ चालू नकोस, जमेल तसं चाल. फलकाखालून जायचं नसेल तर दुसऱ्या बाजूने जा, रस्ता सरकारचा आहे.

आईला मी काही सांगितलेलं नाही. पण आज तिने आपणहून विचारलं, त्याची कंबर कशी आहे. तुझी तब्येत कशी असं नाही. कंबर. तिला कोण सांगतं कोण जाणे.

ठिणगी


२० मे

दादा,

"कोपऱ्यापर्यंत गेलो."

दोनच शब्द, पण ते कार्ड आईच्या हातून सुटेना. मी म्हटलं, अगं मलाही बघू दे. तर म्हणाली, तुला रोज पेशंट बरे झालेले दिसतात, मला आज दिसतोय.

आणखी पुढे जा.

ठिणगी


२९ ऑगस्ट

दादा,

परवा तू फोन उचललास. मी इतकी गडबडले की रोजच्या सवयीने विचारलं, "दुखणं दहापैकी किती?" आणि तू म्हणालास, "तीन. आकडे पाठव." बाकी कसली चौकशी नाही. शोभतोस.

आकडे सोबत आहेत. पण आधी माझ्या तोंडून ऐक.

तिन्ही गटांतली माणसं सुधारली. बऱ्याच जणांचं दुखणं निम्म्यावर आलं. आणि गटागटांत म्हणावा असा फरक नाही. जो आहे तो इतका बारीक की पेशंटला स्वतःला तो जाणवणारही नाही. मी तीन वेळा तपासला, मग दुसऱ्या हॉस्पिटलातल्या आकडेमोड करणाऱ्या बाईंकडून तपासून घेतला. तुझी पद्धत हरलेली नाही, दादा. पण ती एकटी जिंकलेलीही नाही. इस्त्रीवाल्या बाई धुण्याच्या अंगणाला फेऱ्या मारून जिथे पोचल्या, तिथेच ड्रायव्हरसाहेब तुझ्या चटईवरून पोचले. मास्तरही वजनं उचलत तिथेच आले. ते आता शाळेतले फळे स्वतः हलवतात आणि शिपायाने मदत केली तर रागावतात.

जे नेमाने करत राहिले ते जास्त सुधारले, हे मात्र तिन्हीकडे दिसतं. पण इथेही मी हुरळून गेलेले नाही. जे बरे होत होते तेच उत्साहाने येत राहिले असंही असू शकेल. तसं स्पष्ट लिहिलंय.

आमच्या मोठ्या सरांचा चेहरा पडला. म्हणाले, एवढा खटाटोप करून निष्कर्ष काय, तर काहीच नाही? त्यांना वाटत होतं एक पद्धत पहिली येईल आणि दारावर पाटी लावता येईल. मी म्हटलं, सर, निष्कर्ष असा की उद्या दारातून येणाऱ्या माणसाला मी विचारू शकते, तुम्हाला काय करायला आवडेल? आणि ज्याला चटई परवडत नाही, ज्याला आडवं व्हायला घरात जागा नाही, त्याला मी कमी प्रतीचं काही देतेय असं मला वाटणार नाही. सरांनी कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, हे असंच लिहा.

तुला हे वाचताना कसं वाटेल याचा मी खूप विचार केला. गोड करून लिहावं असंही मनात आलं. मग वाटलं, ज्याने मला शिकवलं त्याला गोड करून सांगणं म्हणजे त्याचा अपमान. मला या कामाचा अभिमान आहे. ते तुझ्याकडे पाठवतानाही आहे. चूक काढायची तर काढ, पण कागदावर काढ, दार आपटून नको.

नोव्हेंबरात कंबरदुखीवर काम करणाऱ्यांची मोठी सभा आहे, तिथे हे मांडायचंय. निमंत्रण सोबत जोडलंय. येशीलच असं नाही.

ठिणगी


१८ नोव्हेंबर

दादा,

परतीची गाडी चुकू नये म्हणून वहिनीने तुला सभेतून ओढून नेलं, आणि आपलं बोलणं राहिलं. तेव्हा तुला जे माहीत नाही तेवढंच लिहिते.

पण आधी तुला माहीत आहे ते, कारण व्यासपीठावरून ते कसं दिसलं हे तुला दिसलेलं नाही.

तू आलास ते मला माझं मांडून होत आल्यावर कळलं. मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. तरी मी शेवटची आकृती नीट दाखवली. मग पहिला प्रश्न आला, काहीच न करणाऱ्यांचा गट का ठेवला नाही, यातलं किती दुखणं आपोआप गेलं असेल? मी हसले, कारण हीच हरकत सप्टेंबरात तू चार पानं भरून पाठवली होतीस आणि मी ती निबंधात जशीच्या तशी घातली होती. मी म्हटलं, बरोबर आहे, ते या अभ्यासातून सांगता येत नाही, आणि ही उणीव आमच्या एका जाणकाराने दाखवून दिली. ते तुझ्याकडे बघत म्हटलं. तू छताकडे बघत होतास.

मग पुढच्या रांगेतले ते पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ उठले. म्हणाले की संथ पद्धत ज्यांनी घडवली ते इथे असते तर त्यांना हे मान्य झालं असतं का? त्यांच्या आवाजात थोडी मजा होती. आपलं भांडण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तू उठलास.

पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, सावकाश. कंबर पूर्ण सरळ होईपर्यंत थांबला नाहीस, तसाच थोडा वाकलेला बोलायला लागलास.

"पद्धत माझी आहे," तू म्हणालास. "या वर्षी माझी स्वतःची कंबर धरली. मी माझेच व्यायाम केले, उतार पडला नाही. मग बहिणीने मला चालायला लावलं. आता मी दोन्ही करतो. कशाने बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही. आकडे मी तपासलेत. बरोबर आहेत."

आणि बसलास.

दादा, मी गेली कित्येक वर्षं माणसांना वाकायला, उठायला, उभं राहायला शिकवतेय. उभं राहणं म्हणजे काय ते मला काल दिसलं. तुझे विद्यार्थी त्या सभेत होते. तुझ्या संस्थेचं नाव घेऊन आलेले होते. फलकावरचा फोटो ज्यांनी रोज पाहिला त्या सगळ्यांसमोर तू तसा अर्धवट वाकून उभा राहिलास, आणि माझी छाती फुगली. पुढचे दोन प्रश्न मला ऐकूच आले नाहीत. काहीतरी उत्तरं दिली, बरी असावीत.

आता तुला माहीत नसलेलं. तू गेल्यावर ते मिशीवाले गृहस्थ माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुमच्या बंधूंना सांगा, माझीही गेल्या वर्षी धरली होती, मी कुणाला सांगितलं नाही. मग आणखी एक जण आले. मग एक बाई. चहाच्या टेबलाशी कंबर धरलेल्या तज्ज्ञांची चक्क रांग लागली, दादा, आणि सगळे हळू आवाजात, आजूबाजूला बघत बोलत होते. तुझ्या विद्यार्थ्यांतल्या एकीने मला विचारलं की चालण्याचं नेमकं कसं शिकवता, सर पुढच्या महिन्यापासून संस्थेत सुरू करा म्हणालेत. मला तू हे बोलला नव्हतास. आता कळलं, म्हणून लिहून ठेवते, म्हणजे तुला मागे फिरता येणार नाही.

घरी आले तेव्हा आई दारातच होती. जिना चढवत नाही म्हणून ती सभेला आली नव्हती, पण दुपारपासून ती दाराशी खुर्ची टाकून बसली होती, असं शेजारीण म्हणाली. मी चपला काढता काढता सगळं सांगितलं. प्रश्न, उत्तरं, तुझी चार पानं, मिशीवाले गृहस्थ. आकड्यांचं तिला काही नव्हतं. तू काय बोललास ते मात्र तिने माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "बोलताना ताठ उभा होता का?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, नाही गं, खुर्चीला धरून होता, जरासा वाकून.

तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, तिला बाबा आठवले असतील, वाईट वाटलं असेल. मग तिने खुर्ची उचलली, मला हात लावू दिला नाही, स्वतः आत नेऊन भिंतीशी ठेवली आणि म्हणाली,

"असू दे. उभा होता ना."

ठिणगी